हे ‘त्यांचं’ म्हणजे नक्की कुणाचं? रिसर्च पेपरमधली इंग्रजी स्वामित्वदर्शक सर्वनामं



पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी पहिला पेपर लिहून गाइड सरांना दाखवला. सांगली भागातून आणलेले हळदीचे नमुने, त्यातलं कुरकुमीनचं प्रमाण आणि एका जुन्या पेपरमधल्या नमुन्यांशी तुलना, एवढाच विषय. शेवटी मी लिहिलं होतं, ‘वी कम्पेअर्ड अवर सॅम्पल्स विथ द सॅम्पल्स ऑफ द अर्लिअर स्टडी. देअर कुरकुमीन कंटेंट वॉज हायर.’ सरांनी ‘देअर’भोवती लाल गोल काढला आणि बाजूला मराठीतच लिहिलं, ‘कुणाचं?’

माझ्या डोक्यात उत्तर स्पष्ट होतं, आमच्या नमुन्यांचं. पण वाचणाऱ्याला ‘देअर’च्या सगळ्यात जवळ दिसतात ते जुन्या अभ्यासातले नमुने. म्हणजे वर्षभर राबून काढलेला निकाल मी एका शब्दात दुसऱ्याच्या नावावर चढवला होता, आणि निष्कर्षही उलटा झाला होता. सातबाऱ्यावर भलतंच नाव लागावं तसं!

‘माय, अवर, युअर, हिज, हर, इट्स, देअर’ आपण पाचवी-सहावीत पाठ केलेले असतात. मग चुकतं कुठं? बऱ्याचदा आपण मराठीत विचार करतो आणि मराठीची मालकीची पद्धत इंग्रजीत जशीच्या तशी उतरवतो. एकेक जागा बघू.

१. नदी, ऊस, पठार: सगळ्यांना ‘इट्स’

‘तिचा, तिची, तिचे’ बघा. सुरुवातीचा ‘ति’ मालकाचं लिंग सांगतो आणि शेवटचा ‘चा-ची-चे’ वस्तूप्रमाणे बदलतो. इंग्रजीत वस्तूकडे बघायचंच नाही, फक्त मालक बघायचा. ‘हिज बुक’ असो नाहीतर ‘हिज बुक्स’, ‘हिज’ तसाच राहतो.

दुसरा फरक लिंगाचा. मराठीत नदी स्त्रीलिंगी, ऊस पुल्लिंगी, पठार नपुंसकलिंगी. इंग्रजी शास्त्रीय लेखनात निर्जीव वस्तूला, वनस्पतीला ‘इट्स’च. ‘कृष्णा आणि तिच्या उपनद्या’ लिहिताना हात ‘हर ट्रिब्युटरीज’कडे जातो, तिथं ‘द कृष्णा अँड इट्स ट्रिब्युटरीज’ हवं. नदीच्या नावाआधीचा ‘द’ विसरू नका, नाहीतर परदेशी वाचकाला कृष्णा नावाचा माणूस वाटायचा. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत गेलं. त्यावर लिहितानाही ‘कास अँड इट्स फ्लोरा’.

वचन मात्र सांभाळा. ‘ईच सॅम्पल’ आलं की ‘इट्स वेट’. ‘सॅम्पल्स’ आलं की ‘देअर वेट्स’.

२. अपॉस्ट्रॉफीचा घोळ

‘इट्स’ दोन आहेत आणि उच्चार एकच. अपॉस्ट्रॉफी असलेला म्हणजे ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’चं छोटं रूप. नसलेला म्हणजे मालकीचा. गोंधळ होतो कारण नामाला मालकी दाखवताना आपण अपॉस्ट्रॉफी लावतो, ‘द प्लांट’स लीव्ह्ज’. पण सर्वनामात मालकी आधीच भरलेली असते. ‘हिज’ला कुणी अपॉस्ट्रॉफी लावत नाही ना? मग ‘इट्स, हर्स, अवर्स, युअर्स, देअर्स’ यांनाही नाही.

गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत ‘हिज’ हाच शब्द पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी दोन्हींना चालायचा, अगदी आपल्या ‘त्याचा’सारखा. ‘इट्स’ सोळाव्या शतकाच्या शेवटी आला आणि बराच काळ इंग्रज स्वतःच तो अपॉस्ट्रॉफी लावून लिहीत होते. तेव्हा चुकलात तर लाजू नका, पण सबमिट करण्याआधी तपासा. तपासायची युक्ती सोपी आहे. त्या जागी ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ वाचून बघा. वाक्य बसलं तर अपॉस्ट्रॉफी, नाही बसलं तर नाही.

३. माय आणि माइन

‘हे माझं पुस्तक’ आणि ‘हे पुस्तक माझं’, दोन्हीकडे मराठीला एकच शब्द पुरतो. इंग्रजीला दोन लागतात. पुढे नाम असेल तर ‘माय, अवर, देअर’. नाम गाळलं असेल तर ‘माइन, अवर्स, देअर्स’. तुलना करताना हे फार लागतं. ‘देअर मेथड इज फास्टर दॅन अवर’ अर्धवट आहे, ‘दॅन अवर्स’ हवं.

४. आदराचं ‘त्यांचं’

आपण सरांबद्दल बोलताना ‘त्यांचा शोध’ म्हणतो. माणूस एकच, पण आदरार्थी बहुवचन. इंग्रजीत तसं आदरार्थी बहुवचन नाही. एकाच लेखकाचा पेपर असताना ‘देअर फाइंडिंग्ज’ लिहिलं की वाचक सहलेखक शोधत बसतो. तिथं ‘हिज’ किंवा ‘हर’ लिहा. लेखक पुरुष की स्त्री हे माहीत नसेल तर एकट्यासाठीही ‘देअर’ चालतं. एपीए शैलीच्या २०१९ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीने ते मान्य केलंय. सगळ्यात सुरक्षित म्हणजे ‘द ऑथर’स फाइंडिंग्ज’.

५. आमचं, आपलं, त्याचं

आमच्या साताऱ्याकडे एकुलता एक मुलगासुद्धा ‘आमची आई’ म्हणतो. तीच सवय थिसिसमध्ये येते. एकट्यानं केलेल्या कामाला ‘अवर एक्सपेरिमेंट’ आणि चौघांनी मिळून केलेल्या कामाला ‘माय डेटा’. यातलं दुसरं जास्त गंभीर, कारण तिथं तिघांचं श्रेय जातं. ‘माय’ लिहायचं की कर्मणी प्रयोग करायचा हे गाइडला विचारा, पण कुणी काय केलं ते खरंच लिहा.

‘आपला’ तर इंग्रजीत नाहीच. ‘गाइडने विद्यार्थ्याला आपला डेटा दाखवला’ म्हणजे डेटा गाइडचा. ‘त्याचा डेटा दाखवला’ म्हणजे विद्यार्थ्याचा. इंग्रजीत दोन्हीकडे ‘हिज डेटा’! अशा वेळी ‘हिज ओन’ लिहा किंवा सरळ ‘द स्टुडंट’स डेटा’ म्हणा. नाम परत आलं तर बिघडत नाही. शाळेत पुनरुक्ती टाळायला शिकवलं होतं, पण शोधनिबंधात स्पष्टपणा आधी.

जाता जाता, ‘हूज’ फक्त माणसांसाठी असतं हा गैरसमज आहे. ‘अ मेथड हूज अ‍ॅक्युरसी’ बरोबर आहे. फक्त अपॉस्ट्रॉफीवालं ‘हू’स’ नको, ते ‘हू इज’ झालं.

शेवटी एक सवय

यूजीसीचे २०१८ चे वाङ्मयचौर्यविरोधी नियम आल्यापासून आपण सगळे सिमिलॅरिटीच्या टक्क्यांना घाबरतो. १० टक्क्यांच्या आत आलं की हुश्श! पण ते सॉफ्टवेअर शब्द जुळवतं. तुमचं ‘देअर’ चुकीच्या माणसाकडे बोट दाखवतंय हे ते सांगणार नाही.

म्हणून मी आता ड्राफ्ट पूर्ण झाला की वर्डमध्ये ‘इट्स, देअर, हिज, हर, अवर’ एकेक शोधते आणि प्रत्येकापुढे सरांचाच प्रश्न विचारते, ‘कुणाचं?’ एका बोटानं उत्तर दाखवता आलं तर पुढे जाते. दोन उत्तरं निघाली तर सर्वनाम काढून नाम लिहिते. त्या हळदीच्या पेपरमध्ये शेवटी ‘देअर’ काढून ‘द सांगली सॅम्पल्स’ घातलं. दोन शब्द वाढले, पण निकाल परत आमच्या नावावर आला.