ऑइल सील स्वस्त, पण परत आलेली गाडी महाग

व्हिडिओत क्रँकशाफ्टचा मागचा ऑइल सील बसवून दाखवलाय. तेच इथे लिहून देतो, म्हणजे काम करताना मोबाईलवर पटकन बघता येईल.

आधी हिशोब बघा. हा सील इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे असतो. किंमत किरकोळ, पण तिथपर्यंत पोहोचायला गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील सगळं उतरवावं लागतं. गॅरेज नवीन होतं तेव्हा मी घाईत सील तिरका ठोकला. आठ दिवसांत गाडी परत! क्लच प्लेट तेलात भिजलेली. दुसऱ्यांदा मजुरी कोणत्या तोंडाने मागणार? प्लेटचे पैसेही माझ्याच खिशातून गेले. तेव्हापासून हा क्रम कधी मोडत नाही:

१. गळती नक्की कुठली? वरच्या व्हॉल्व्ह कव्हरचं तेल ओघळून खाली येतं आणि दोष सीलवर जातो. इंजिन पुसून घ्या, मग बघा. ब्रीदर किंवा पीसीव्ही व्हॉल्व्ह चोक असेल तर आत प्रेशर वाढतं आणि नवा सीलही गळतो.

२. जुना सील काढायच्या आधी त्याचा फोटो काढा, किती आत बसलाय ते मोजा. उचकटताना स्क्रू ड्रायव्हर शाफ्टला लागू देऊ नका. एक चरा पडला की कितीही भारी सील लावा, तेल येणारच.

३. शाफ्टवर नख फिरवा. खाच लागली तर रिपेअर स्लीव्ह लावा.

४. स्प्रिंग असलेली लिप तेलाच्या बाजूला, म्हणजे आत. सीलवर बाण असेल तर तो शाफ्ट फिरण्याच्या दिशेशी जुळवा.

५. तेल लावायचं की नाही? साध्या रबर लिपला स्वच्छ इंजिन ऑइल लावा, नाहीतर सुरू होताच लिप कोरडी घासून जळते. पण पीटीएफई सील सहसा कोरडाच बसवतात, सोबत आलेल्या प्लॅस्टिक स्लीव्हवरून. इंजिन लगेच सुरू करू नका. मॅन्युअलमध्ये जेवढं थांबायला सांगितलंय तेवढं थांबा.

६. हातोडी थेट सीलवर नको. बाहेरच्या कडेवर बसेल अशा मापाचा ड्रायव्हर घ्या, हळूहळू सगळीकडून सारखा आत न्या. मग बॅटरी मारून लिप कुठे दुमडली नाही ना, ते बघा.

गिअरबॉक्स चढवला की चूक झाकली जाते, सुधारता येत नाही. म्हणून शेवटची तपासणी मालकाने स्वतः करावी, पोरावर सोडू नये. जुना सील गिऱ्हाईकाला दाखवा, काय बदललं ते जॉब कार्डवर लिहा. पाच मिनिटं जातात, पण पुढच्या सर्व्हिसला तोच माणूस तुमच्याकडेच येतो.