आकाशाला विचारू की पावलाला?

जानेवारीतल्या रविवारची पहाट. मुंबई मॅरेथॉनचा घोळका छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरून सुटतो. चार तासांत ४२.१९५ किलोमीटर पार करायचे, तर प्रत्येक किलोमीटर साधारण ५ मिनिटं ४१ सेकंदांत संपवायला हवा. फोर्टातल्या उंच दगडी इमारतींमधून धावताना मनगटावरचं घड्याळ ५:१० दाखवतं. धावणारा घाबरून वेग आवरतो. अर्ध्या मिनिटात तेच घड्याळ ६:२० सांगू लागतं, म्हणून तो पुन्हा धावत सुटतो. पाय पहिल्यापासून बरोबरच पडत होते. घड्याळ गोंधळलं आणि त्याने धावणाऱ्यालाही गोंधळात टाकलं.

यात घड्याळाचा फारसा दोष नाही. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरत असतात. त्यांतल्या किमान चारांचे संदेश मिळाले, की ते पोचायला लागलेल्या वेळेवरून घड्याळ आपली जागा ठरवतं. मोकळ्या मैदानातही या हिशेबात काही मीटरची चूक राहतेच. रस्ता शोधणाऱ्या गाडीला ती जाणवत नाही. पण किलोमीटरला ६ मिनिटं या पेसने धावणारा माणूस सेकंदाला जेमतेम पावणेतीन मीटर पुढे सरकतो. ज्या पट्टीवरच्या खुणाच तीन-चार मीटर इकडेतिकडे होतात, तिने पावणेतीन मीटर मोजायचे, अशी ही अडचण आहे. त्यात उंच इमारती असल्या, की संदेश भिंतींवर आपटून उशिरा पोचतो आणि घड्याळाला वाटतं, आपण शेजारच्या गल्लीत आहोत. पुलाखाली किंवा दाट झाडीत संदेश क्षीण होतो, बोगद्यात तर तुटतोच. भरीला धावताना हात सतत मागे-पुढे होत असतो.

यावर उपाय म्हणून घड्याळ संदेशांच्या वारंवारितेतल्या बदलावरूनही वेग काढतं आणि मागच्या काही सेकंदांची सरासरी दाखवतं. दोन वारंवारिता वापरणाऱ्या नव्या घड्याळांनी इमारतींचा त्रास बराच कमी केला आहे. पण सरासरी म्हटली, की उशीर आलाच. २०० मीटरच्या इंटरव्हलमध्ये आकडा स्थिरावेपर्यंत अर्धं अंतर संपलेलं असतं.

फूट पॉड हा प्रश्न उलट्या बाजूने सोडवतो. तो आकाशाला काही विचारत नाही, पावलाला विचारतो. बुटाच्या लेसमध्ये अडकवायचा हा एवढासा तुकडा आतल्या संवेदकाने पायाच्या वेगातले चढउतार सेकंदाला शेकडो वेळा टिपतो. नव्या पॉडमध्ये पायाचा कोन मोजण्याचीही सोय असते. या नोंदींवरून वेग आणि वेगावरून अंतर निघतं. अशा हिशेबात बारीक चुका साठत जातात आणि थोड्याच वेळात उत्तर भरकटतं. इथे पावलाचीच एक सवय कामी येते. धावताना पाऊल जमिनीला टेकतं, तेव्हा क्षणभर ते पूर्ण थांबलेलं असतं. तिथे वेग शून्य, हे पॉडला नक्की ठाऊक असतं. त्यामुळे प्रत्येक पावलाला तो जुनी चूक पुसून नवा हिशेब मांडू शकतो.

ही कल्पना तशी जुनी. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या डायनास्ट्रीम या कंपनीने या तंत्रावर सुरुवातीचं काम केलं. २००६ साली गार्मिनने ती कंपनी विकत घेतली. त्याच वर्षी नायकी आणि ॲपलने बुटाच्या तळव्यात बसणारा संवेदक आयपॉडला जोडून ही गोष्ट सामान्य धावणाऱ्यांपर्यंत नेली. आज अमेरिकेतल्या बोल्डरच्या स्ट्राइडचा पॉड वेगाबरोबर धावण्याची शक्तीही वॉटमध्ये दाखवतो.

पण पॉड बुटाला बांधला आणि काम झालं, असं होत नाही. जुने वाणी माल तोलण्याआधी रिकाम्या तराजूचा पासंग बघत. पॉडचाही पासंग आधी बघावा लागतो. दर वेळी सारखंच उत्तर देणं हा त्याचा मोठा गुण. ते उत्तर बरोबर आणणं मात्र आपल्या हाती. त्यासाठी ४०० मीटरचा ट्रॅक गाठावा. पुण्यात सणस मैदान किंवा बालेवाडी, मुंबईत प्रियदर्शिनी पार्क. धावायचं सगळ्यात आतल्या लेनमध्ये, कारण आठव्या लेनची फेरी सुमारे ४५३ मीटरची होते. थोडं धावून अंग गरम करावं आणि नेहमीच्या पेसने बरोबर ४ फेऱ्या, म्हणजे १,६०० मीटर धावावं. घड्याळाने १,६४० दाखवले, तर १,६०० ला १,६४० ने भागायचं आणि सेटिंगमधल्या जुन्या गुणकाला त्या उत्तराने गुणायचं. तो १०० असेल, तर नवा सुमारे ९७.६ होईल. त्याच सेटिंगमध्ये वेग कायम पॉडकडूनच घ्यायला सांगावं. नाहीतर काही घड्याळं बाहेर पडताच गुपचूप जीपीएसकडे वळतात.

पॉड एकाच बुटावर, एकाच जागी घट्ट बसवावा. बूट बदलला किंवा पॉड सैल झाला, तर आकडा सरकतो. सपाट ट्रॅकवर जुळवलेला गुणक साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात तितकाच बरोबर ठरेल असं नाही, कारण चढावर पावलाची ठेवणच बदलते. पावसाळ्यात ट्रेडमिलवर धावणाऱ्यांना मात्र त्याचा मोठा आधार. जिममध्ये जीपीएस निरुपयोगी, आणि ट्रेडमिलचा आकडाही पट्ट्याच्या देखभालीवर अवलंबून.

इतकं करूनही शर्यतीत घड्याळ ४२.६ दाखवेल आणि मग आयोजकांनी मार्ग लांब ठेवला, अशी कुरकुर सुरू होईल. अधिकृत मार्ग सायकलच्या चाकाला मोजणी-यंत्र लावून, वळणांच्या कडेपासून ३० सेंटिमीटरवरून, म्हणजे शक्य तितक्या जवळच्या रेषेने मोजतात. तो चुकूनही कमी भरू नये म्हणून हजार मीटरमागे एक मीटर जास्त धरतात. पूर्ण मॅरेथॉनमध्ये हे ४२ मीटर झाले. गर्दी चुकवत, पाण्याच्या टेबलाकडे वळत, वळणं बाहेरून घेत आपण वाढवतो ते अंतर वेगळंच. पॉड आपण धावलेलं अंतर सांगतो, मार्गाचं नाही. म्हणून शर्यतीत प्रत्येक किलोमीटरच्या फलकापाशी हाताने लॅप दाबावा. पेस पॉडकडून घ्यावा, अंतर फलकाकडून.

मग पॉड घ्यावा का? आठवड्यातून तीनदा मोकळ्या रस्त्याने तब्येतीसाठी धावणाऱ्याला त्याची गरज नाही. जीपीएसचं एकूण अंतर त्याला पुरेसं आहे. इंटरव्हल करणाऱ्याने, ट्रेडमिलवर घाम गाळणाऱ्याने किंवा वेळेचं उद्दिष्ट ठेवून उंच इमारतींच्या शहरात मॅरेथॉन धावणाऱ्याने जरूर घ्यावा. किलोमीटरमागे ५ सेकंदांची चूक मॅरेथॉनअखेर साडेतीन मिनिटांची होते. फक्त खोक्यातून काढून थेट शर्यतीत नेऊ नका. आधी एक सकाळ ट्रॅकवर घालवा, चार फेऱ्या मारा आणि पासंग काढा.