मांजराच्या अंगावरचा चट्टा

मृग लागून महिना-दीड महिना झाला की भातसानगरात एक तक्रार घरोघर फिरू लागते. कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल धरते, गोधड्यांना कुबट वास येतो आणि अशात कुणाच्या तरी मुलाच्या मानेवर किंवा दंडावर गोल, कडेने लाल असा चट्टा उठतो. घरात मांजर असेल तर निकाल तिथल्या तिथे लागतो. दोष मांजराचा. मग गोणी शोधली जाते आणि काळोख पडल्यावर कुणीतरी ते मांजर बाजारात किंवा धरणापलीकडच्या एखाद्या पाड्याजवळ सोडून येते.

आम्ही शाळेत शिकवतो. मुलांच्या अंगावरचे चट्टे आम्हांला वर्गात आधी दिसतात आणि मांजर गेल्याची बातमी मागाहून कळते. घरातही आजवर लहानमोठी बरीच मांजरे राहून गेली, त्यामुळे त्यांच्या कातडीचे बहुतेक आजार आम्ही जवळून पाहिले आहेत. त्यातले बरेचसे किरकोळ असतात. जे मांजराच्या जिवावर बेतते, ते अनेकदा आजारापेक्षा आपण केलेल्या उपचाराने.

आधी त्या गोल चट्ट्याबद्दल. नायटा किंवा गजकर्ण हा एका बुरशीमुळे होतो. मांजरांत आढळणारी बुरशी मुख्यतः ‘मायक्रोस्पोरम कॅनिस’ या जातीची. ती मांजरापासून माणसाला लागते, मुलांना तर लवकर लागते, हे खरे. पण गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशात नायट्याची जी हट्टी साथ पसरली आहे, जांघेत, कमरेला, पाठीवर महिनोन्‌महिने न हटणारे चट्टे, ती बहुतांशी वेगळ्याच बुरशीची आहे. तिला शास्त्रज्ञांनी 2020 मध्ये ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असे नाव दिले. ती माणसाकडून माणसाकडे जाते. एकच टॉवेल चौघांनी वापरणे, दमट कपडे तसेच अंगावर चढवणे, आणि औषधाच्या दुकानातून विचारून आणलेली स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब, ही तिची वाट. त्या ट्यूबने दोन दिवसांत खाज थांबते, घरचे खूश होतात आणि बुरशी मात्र आत आरामात पसरत राहते. म्हणजे घरातल्या तिघांना नायटा झाला आहे आणि मांजराचे अंग स्वच्छ आहे, तर गोणी शोधण्याआधी टॉवेल मोजावेत.

मांजरालाच नायटा झाला असेल तर तो साधारण असा दिसतो: डोक्यावर, कानांवर किंवा पुढच्या पायांवर केस गेलेला गोलसर भाग, त्यावर राखेसारखा कोंडा, कडेचे केस मधूनच तुटलेले. खाज असेलच असे नाही. लहान पिल्लांना आणि लांब केसांच्या मांजरांना हा जास्त होतो. कल्याण-भिवंडीकडून हल्ली पर्शियन पिल्ले हौसेने आणली जातात. आमच्या या दमट हवेत एवढा दाट कोट सांभाळणे सोपे नाही, हे घेणाऱ्याला कुणी सांगत नाही. डॉक्टर विशिष्ट निळसर दिव्याखाली केस पाहतात. बुरशी असेल तर हिरवी चमक दिसू शकते. प्रत्येक वेळी दिसतेच असे नाही, म्हणून काही वेळा केसांचा नमुना तपासायला पाठवावा लागतो आणि त्याचा निकाल यायला दोन-तीन आठवडे जातात.

धडधाकट मांजराचा नायटा काही महिन्यांत आपोआपही ओसरतो. पण तोवर झडलेल्या केसांबरोबर बुरशीचे बीजाणू घरभर जातात आणि तिथे वर्षभरही टिकून राहतात. म्हणून पोटातून औषध, बाहेरून डॉक्टरांनी दिलेला शाम्पू किंवा द्रावण, असे सहा आठवडे आणि कधी त्याहून जास्त नेटाने करावे लागते. या काळात मांजराला एका खोलीत ठेवावे. सतरंजी न घातलेली, रोज पुसता येईल अशी खोली असेल तर उत्तम. केस रोज गोळा करावेत, फरशी आधी साबणाने धुऊन मग ब्लीचच्या पातळ पाण्याने पुसावी आणि पूर्ण कोरडी झाल्यावरच मांजराला तिथे सोडावे. हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. जानमाज, मुलांचे अंथरूण आणि शाळेचा गणवेश त्या खोलीपासून दूर ठेवावा. मुलाला मात्र त्वचेच्या डॉक्टरांकडेच न्यावे. मांजराची ट्यूब मुलाला नको आणि मुलाची मांजराला नको.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण बायका आम्हांला हटकून विचारतात. मांजराने तोंड लावलेल्या पाण्याने वजू होतो का? हजरत अबू कतादा (रजि.) यांनी वजूच्या पाण्याचे भांडे मांजराला पिण्यासाठी कलते केल्याची आणि मांजर नापाक नसल्याचे, ते घरात आपल्याभोवती वावरणाऱ्यांपैकी असल्याचे पैगंबर (स.) यांचे म्हणणे सांगितल्याची हदीस प्रसिद्ध आहे. मसल्याचे बारकावे उलमांना विचारावेत. आमचा मुद्दा वेगळा आहे. नायटा झालेले मांजर जानमाजेपासून दूर ठेवायचे ते साथ पसरू नये म्हणून, नापाक म्हणून नव्हे. या दोन गोष्टी घरात एकमेकींत मिसळल्या की मांजर बरे झाल्यावरही लाथाडले जाते. आणि ज्या बाईने मांजर कोंडून ठेवले, खायला दिले नाही की सोडलेही नाही, तिच्या शिक्षेची हदीस तर मुलांनाही ठाऊक असते. म्हणून वेगळ्या खोलीत ठेवलेल्या मांजराचे पाणी, खाणे आणि रेतीचा डबा हे दिवसातून दोनदा पाहायचे काम आम्ही घरातल्या एका मुलावर नेमून देतो.

पिसवा

पावसात सर्वांत जास्त त्रास यांचाच. मांजर सारखे पाठ चावते, शेपटीच्या बुडाशी केस विरळ होतात, आणि हात फिरवला की बोटांना बाजरीच्या दाण्यांसारख्या बारीक खपल्या लागतात. पिसवा दिसत नाहीत म्हणून त्या नाहीत असे समजू नये. मांजर चाटून-चाटून त्यांना गिळून टाकते. डोक्यातल्या उवा काढायची बारीक दातांची फणी मांजराच्या पाठीवरून फिरवावी आणि निघालेला काळा चुरा ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावा. त्याभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त. मातीला असा रंग सुटत नाही. वर्गात मुलांना हा प्रयोग आम्ही करून दाखवतो. विज्ञानाच्या पुस्तकात नाही, पण मुले विसरत नाहीत.

अंगावर दिसतात त्या थोड्याच. अंडी, अळ्या आणि कोष जमिनीच्या भेगांत, गोधडीत, पलंगाखाली असतात, आणि कोषातली पिसू कित्येक आठवडे वाट पाहत बसू शकते. त्यामुळे नुसते मांजर धुऊन काही होत नाही. मांजराचे अंथरूण आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुवावे, ऊन मिळेल त्या दिवशी कडक वाळवावे, कोपऱ्यांतला केर रोज काढून घराबाहेर टाकावा. मांजराच्या मानेवर सोडायचे थेंब मिळतात. मांजरासाठीचे, त्याच्या वजनाप्रमाणे आणि डॉक्टरांना विचारून आणलेले थेंब चांगले काम करतात. घरात दोन-तीन मांजरे असतील तर सगळ्यांना एकाच दिवशी. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे काही चिकटलेले दिसले तर तो पट्टकृमीचा तुकडा. पिसू गिळल्याने तो पोटात जातो. तेव्हा जंताचे औषधही हवे.

खरूज वेगळी. ती कानांच्या कडांपासून सुरू होते, राखाडी जाड पापुद्रा धरतो, मग कपाळ, मान आणि तोंड धुता-धुता पंजे. खाज इतकी की मांजर रक्त काढते. शेजारच्या मांजराला झाली की आपल्याला आठवडाभरात दिसते, आणि माणसालाही थोडे दिवस पुरळ उठते. दिसायला भयंकर, पण योग्य औषधाने मांजर महिनाभरात ओळखू येऊ नये इतके सुधारते. एक सावधगिरी: गुरांना टोचायचे आयव्हरमेक्टिन गोठ्यात पडलेले असते. अंदाजाने त्याचा थेंब-दोन थेंब मांजराला देऊ नये. म्हशीच्या मापाची बाटली आणि तीन किलोचे मांजर, यात अंदाज कामाचा नाही. कानात चहाच्या चोथ्यासारखी काळी घाण आणि सतत डोके झटकणे हा कानातल्या किड्यांचा प्रकार. तिथे तेल ओतू नये आणि काडीही घालू नये.

घरातली विषे

मांजर अंगाला लावलेली प्रत्येक गोष्ट चाटते. शिवाय आपले किंवा कुत्र्याचे यकृत ज्या पदार्थांचा सहज निचरा करते, त्यांतल्या कित्येकांचा मांजराच्या यकृताला करता येत नाही. एवढ्या दोन गोष्टी लक्षात ठेवल्या तर पुढचे पाठ करावे लागत नाही.

आमच्या ओळखीच्या एका घरात माणसांच्या खरजेसाठी पर्मेथ्रिनचे मलम आणले होते. उरलेले मांजराच्या मानेला चोळले. संध्याकाळी मांजर थरथरू लागले, मग झटके आले आणि फजरच्या आधी ते संपले. पर्मेथ्रिन माणसाला चालते, कुत्र्यांच्या पिसवांच्या औषधातही असते, मांजराला मात्र ते विष आहे. झुरळे मारायचा खडू आणि ढेकणांची भुकटी यांतही त्याच कुळातली औषधे असतात. चुकून लागलेच तर कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या सौम्य साबणाने लगेच धुवावे, टॉवेलात गुंडाळावे आणि डॉक्टर गाठावा.

काळे फिनेल, पाण्यात घालताच दुधाळ होणारे जंतुनाशक, रॉकेल, टर्पेंटाइन, डांबरगोळ्या, कापूर, चहाच्या झाडाचे म्हणून मिळणारे तेल, हे काहीच मांजराच्या कातडीला लावू नये. कडुनिंबाचे तेल ‘आपलेच, देशी’ म्हणून लोक सर्रास लावतात, तेही नको. खोबरेल तेलाने विषबाधा होत नाही, फक्त मांजर ते चाटून पोट बिघडवून घेते आणि नायटा होता तिथेच राहतो. आणि पॅरासिटामॉल! अंग गरम लागते म्हणून दिलेली अर्धी गोळीही मांजराला मारू शकते.

मग घरी करायचे काय? जखम किंवा खपली धुवायला मिठाचे पाणी. एक लिटर पाणी उकळावे, त्यात चहाचा दीड सपाट चमचा मीठ विरघळवावे, कोमट झाल्यावर कापसाने टिपून घ्यावे. बोक्यांच्या भांडणात दात रुततो, वरचे भोक मिटते आणि दोन-तीन दिवसांनी आत गळू होते. गाल किंवा शेपटीचे बूड सुजते, गरम लागते. फुटले तर या पाण्याने धुवावे, पण औषध डॉक्टरांचेच घ्यावे. पावसात उघड्या जखमेवर माशी बसली की एका दिवसात अळ्या पडतात. तिथे वाट पाहू नये.

हनुवटीवर काळे ठिपके दिसले की लोक पिसवा समजतात. बहुधा ती मुरमे असतात. प्लास्टिकची ताटली बदलून स्टीलची किंवा चिनीमातीची ठेवावी आणि रोज धुवावी, पुष्कळदा एवढ्याने भागते. पांढऱ्या मांजराच्या कानाच्या टोकावर उन्हाळ्यात लाल होऊन न भरणारी चीर मात्र क्षुल्लक समजू नये, तिथे पुढे कर्करोग होऊ शकतो.

डॉक्टरांचा प्रश्न आपल्याकडे खराच आहे. शहापूर-मुरबाड भागातले सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्या-कोंबड्यांसाठी चालतात. मांजर घेऊन गेल्यावर रांगेतले लोक हसतात. हसू द्यावे, डॉक्टर सहसा पाहतात. जाण्याआधी चट्ट्याचा चांगल्या उजेडातला फोटो काढावा, तो कधी दिसला, घरात आणखी कुणाला खाज आहे, आतापर्यंत काय-काय लावले, हे कागदावर लिहून न्यावे. लावलेले लपवू नये. हाताबाहेरचे असेल तर परळ आहे. तिथले बाई साकराबाई दिनशा पेटिट रुग्णालय 1883 पासूनचे आणि मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासूनचे. आसनगावहून लोकलने जायचे तर पहाटेची गाडी धरावी आणि झाकणाची टोपली घट्ट बांधावी.

औषध लावताना मांजर बोचकारले किंवा चावले तर ती जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजच्या लशीबद्दल विचारावे. घरचेच मांजर आहे म्हणून टाळू नये.

औषध चाटू नये म्हणून गळ्यात घालायची कॉलर विकत मिळते, पण घरात जुनी एक्स-रे फिल्म पडलेली असतेच. ती गोल कापावी, मध्ये मानेच्या मापाचे भोक ठेवावे, कडांना कापडी पट्टी चिकटवावी आणि नरसाळ्यासारखी वळवून बांधावी. मान आणि कॉलरमध्ये दोन बोटे जातील इतकी सैल. पहिल्या दिवशी मांजर उलटे चालते, दाराला धडकते आणि घरातल्या सगळ्यांवर रुसते. पाण्याचे भांडे थोडे उंचावर ठेवले की दुसऱ्या दिवशी ते मुकाट्याने पिऊ लागते.