भोलाची बेलू, श्रीदेवीचा आवाज

मनमोहन देसाई यांच्या ‘सच्चा झूठा’मध्ये राजेश खन्ना खेडेगावातला बँडवाला भोला आहे आणि त्याच्या पायाने अधू असलेल्या बहिणीचं नाव बेलू. बहिणीच्या लग्नाचं जे गाणं वरातीत बँडवाले अजूनही हमखास वाजवतात, ते त्याने या बेलूसाठी म्हटलेलं. हा चित्रपट १९७०चा. त्याच्या सोळा वर्षं आधी आर. के. फिल्म्सच्या ‘बूट पॉलिश’मध्येही भाऊ भोला होता आणि बहीण बेलू होती. दोन्ही बेलू एकाच अभिनेत्रीने केल्या, त्यामुळे नावांचं हे जुळणं योगायोगाचं वाटत नाही. ‘बूट पॉलिश’ची पोर प्रेक्षकांच्या किती मनात बसली होती, हे त्यावरून कळतं. आता मोठी झालेली ती पोर चित्रपटाच्या कडेला, बहिणीच्या भूमिकेत उभी होती.

या अभिनेत्रीचं नाव नाझ. मूळ नाव सलमा बेग, जन्म १९४४चा, मुंबईतला. लहानपणी पाट्यांवर नाव यायचं ते ‘बेबी नाझ’.

‘बूट पॉलिश’ आला तेव्हा चेंबूरला आर. के. स्टुडिओ उभा राहून जेमतेम सहा वर्षं झाली होती. निर्माते राज कपूर, दिग्दर्शक प्रकाश अरोरा. आईवेगळी दोन मुलं काकूच्या हवाली होतात, काकू त्यांना भीक मागायला लावते, आणि शेजारचा जॉन चाचा त्यांना कष्टाचं खाण्याची शपथ घालतो. मग सगळी धडपड एका पॉलिशच्या पेटीसाठी. डेव्हिड यांनी जॉन चाचा असा उभा केला की सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार त्यांना मिळाला. चित्रपटही त्या वर्षीचा सर्वोत्तम ठरला. पण चित्रपट तोलून धरतात ती दोन मुलंच. रतनकुमारचा भोला तापट, मानी. त्याच्यासमोर बेलू पडतं घेणारी, पण घाबरट नव्हे. ती डोळे विस्फारून मोठ्यांकडे बघते आणि वाक्य संपल्यावरही चेहरा पाडत नाही. बालकलाकारांना सहसा वाक्य संपलं की अभिनय संपला असं वाटतं. नाझला इतक्या लहान वयात ऐकता येत होतं. मला तिचा सगळ्यात मोठा गुण हाच वाटतो, आणि पुढे तिला तारलं तेही या कानानेच.

१९५५ला कान महोत्सवात या भूमिकेची विशेष दखल घेतली गेली. दहा-अकरा वर्षांच्या मुंबईकर मुलीला तिथे मिळालेला तो मान आपण जवळजवळ विसरून गेलो आहोत. ‘बूट पॉलिश’च्या गाण्यात बेलूच्या तोंडी आवाज आहे आशा भोसले यांचा. म्हणजे कारकिर्दीच्या आरंभी नाझच्या चेहऱ्याला दुसरीचा आवाज मिळाला होता. शेवटी याच्या नेमकं उलटं घडायचं होतं.

त्याच वर्षी बिमल रॉय यांच्या ‘देवदास’मध्ये ती लहानपणीची पारो झाली. बिमल रॉय यांचा कारभार तेव्हा अंधेरीच्या मोहन स्टुडिओतून चाले. ‘मुघल-ए-आझम’चा शीशमहल जिथे उभारला गेला, तोच हा स्टुडिओ. पुढे १९५९चा ‘कागज के फूल’. गुरुदत्त यांच्या दिग्दर्शक सुरेश सिन्हाची मुलगी पम्मी नाझने केली. सिनेमा हा धंदा कमअस्सल मानणाऱ्या आजोळी आई राहते, मुलगी बोर्डिंगच्या शाळेत. शाळेतल्या मुली बापावरून आणि त्याच्या नायिकेवरून टोमणे मारतात, तेव्हा ती पोर थेट त्या नायिकेसमोर, शांतीसमोर, जाऊन उभी राहते. वहिदा रेहमान यांच्यासारखी अभिनेत्री समोर आहे, आणि चित्रपटाचं पुढचं सगळं या भेटीवर अवलंबून आहे, कारण त्यानंतरच शांती सारं सोडून निघून जाते. नाझ इथे रडून दाखवत नाही. आईबाप पुन्हा एकत्र यावेत म्हणून आलेल्या मुलीचा हट्ट आणि संकोच एकाच वेळी दिसतो. हा प्रसंग ज्यांनी नुसता ‘गुरुदत्तचा सिनेमा’ म्हणून पाहिला असेल, त्यांनी एकदा या मुलीसाठी पुन्हा पाहावा.

मोठेपणी नायिका म्हणून जम बसला नाही. सुब्बीराज या अभिनेत्याशी नाझ यांचं लग्न झालं आणि वाट्याला आल्या बहिणी, मैत्रिणी, वहिन्या. यातली ‘कटी पतंग’मधली पूनम लक्षात राहते. तान्हं मूल पदरी असलेली ही विधवा रेल्वे अपघातात सापडते आणि मरताना मैत्रिणीला आपलं मूल, आपलं सासर, आपलं नावही देऊन जाते. पुढे आशा पारेख ‘पूनम’ म्हणूनच वावरतात. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार त्यांना मिळाला, आणि तो योग्यच होता. पण मूळ पूनम थोड्याच वेळात आपल्याला इतकी पटते म्हणून पुढची सगळी लबाडी आपण माफ करतो. चरित्र अभिनेत्रीचं काम असं असतं.

ऐंशीच्या दशकात दक्षिणेतून श्रीदेवी आल्या. ‘हिम्मतवाला’ने १९८३मध्ये त्यांना हिंदीत नाव दिलं. नृत्य, डोळे, विनोदाची वेळ, सगळं त्यांच्यापाशी होतं. हिंदी मात्र सफाईदार नव्हती. त्यांच्या सुरुवातीच्या हिंदी चित्रपटांना आवाज दिला तो नाझ यांनी. ‘आखरी रास्ता’मध्ये हे काम रेखा यांनी केलं, आणि स्वतःच्या आवाजात श्रीदेवी पहिल्यांदा बोलल्या त्या ‘चांदनी’त, १९८९मध्ये.

डबिंगचं त्या काळातलं तंत्र समजून घेतल्याशिवाय या कामाचं मोल कळत नाही. सेटवर कॅमेरा खडखडायचा, बाहेर रहदारी, त्यामुळे चित्रीकरणाच्या वेळचा आवाज फक्त खुणेपुरता, म्हणजे पायलट ट्रॅक. मग प्रसंगाचे लहान लहान तुकडे कापून त्यांची टोकं जोडून लूप करायचे. काळोख्या खोलीत तोच तुकडा पडद्यावर पुन्हा पुन्हा फिरे आणि कलाकार माइकसमोर उभं राहून ओठांवर शब्द बसवे. प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटतात, तिथे चूक लगेच डोळ्यांना खुपते. ओठ जुळवणं सरावाने जमतं. अवघड असतो श्वास. पडद्यावरची बाई धावत आली असेल तर उभ्या जागी धाप लागली पाहिजे. तिने भुवई उंचावली तर शब्द तिथेच किंचित चढला पाहिजे. अभिनय दुसरीने आधीच केलेला, त्यात आपलं काही मिसळायचं नाही आणि कोरडंही बोलायचं नाही. लहानपणापासून समोरच्याचं ऐकत आलेल्या नाझना हे साधलं. श्रीदेवींच्या तेव्हाच्या अल्लडपणावर लोक भाळले, त्यातला काही वाटा नाझ यांच्या गळ्याचा होता, असं मी ठामपणे म्हणेन.

मराठी श्रोत्याला आवाजाच्या अभिनयाची थोरवी सांगायची गरज नाही. मुंबई आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’मधल्या मीनावहिनी घराघरांत नांदत होत्या, त्या नीलम प्रभू, हेही लोकांना ठाऊक होतं. रेडिओवर चेहरा नसतो, म्हणून आवाजाचं नाव विचारलं जातं. सिनेमात चेहरा असतो, म्हणून कोणी विचारत नाही. पार्श्वगायनाचंही आधी हेच होतं. ‘महल’च्या त्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेच्या जागी ‘कामिनी’ हे पात्राचं नाव छापलं होतं. लता मंगेशकर अडून बसल्या, फिल्मफेअरच्या सोहळ्यात गायला नकार दिला, आणि १९५९पासून पार्श्वगायनाला पुरस्कार सुरू झाला. पहिला त्यांनाच, ‘मधुमती’साठी. डबिंग करणाऱ्यांच्या बाजूने असं अडून बसायला इतकं मोठं नाव कधी आलं नाही. केरळ सरकारच्या चित्रपट पुरस्कारांत डबिंग कलाकाराचा स्वतंत्र विभाग आहे. हिंदीत तसा रिवाज पडला नाही, उलट नायिकेचा आवाज उसना आहे हे झाकण्याकडेच सगळ्यांचा कल.

नाझ १९९५मध्ये गेल्या, पन्नाशी नुकतीच ओलांडलेली असताना. त्यानंतर काळ बदलला. ‘लगान’नंतर सेटवरच आवाज नोंदवण्याची पद्धत हिंदीत रुळली, आणि डबिंगचं काम परभाषेतल्या चित्रपट-मालिकांकडे वळलं. अंधेरीत या कामाचे स्टुडिओ आता दाटीने आहेत. ‘ओम शांती ओम’मध्ये दीपिका पदुकोण यांना आवाज देणाऱ्या मोना घोष शेट्टी इथलीच एक मोठी संस्था चालवतात, मेघना एरंडे यांच्यासारखी मराठी अभिनेत्री ‘निंजा हातोरी’तल्या आवाजामुळे मुलांच्या पिढीला पाठ आहे. ओटीटीवर परभाषेतली मालिका संपली की हिंदीत कोणी कोणाचा आवाज केला, याची पाटी पुष्कळदा येते.

जुन्या चित्रपटांचं तसं झालेलं नाही. त्यांच्या प्रती आता स्वच्छ करून पुन्हा प्रदर्शित होतात, रंग सुधारले जातात, आवाजाची खरखर काढली जाते. श्रीदेवींचे ते चित्रपट या कामाला घेणाऱ्यांनी शेवटच्या पाटीत एक ओळ वाढवावी: आवाज, नाझ.