चहाचें मिश्रण

ज्या पिकाचें एकहि झाड आपल्या शिवारांत उभें नाहीं, त्याचा माल आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं दिवसांतून दोन वेळां तरी चुलीवर चढतो. हळदीचा भाव क्विंटलामागें शंभर रुपयांनीं उतरला तर आपण वसमत, हिंगोली व नांदेड अशा तिन्ही बाजारांत चौकशी करतों. चहा घेतांना मात्र दुकानदार जो पुडा पुढें करील तो पिशवींत टाकून घरीं येतों. त्या पुड्यांत काय असतें, तें कोठून येतें, आणि आपल्या पाण्यास, आपल्या दुधास व आपल्या जिभेस मानवेल असें मिश्रण घरच्या घरीं कसें करावें, याविषयीं चार गोष्टी सांगाव्या असा विचार आहे. प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी महसूल खात्यांत गेली. पीकपाहणी, पैसेवारी, पंचनामे या निमित्तानें गांवोगांव ओटीवर बसून चहा घ्यावा लागे. या विषयाचा अनुभव त्या मार्गानें झाला आहे.

प्रथम मिश्रण आणि भेसळ यांतील भेद ध्यानांत घ्यावा. चहाच्या मुख्य जाती दोन : बारीक पानाची चिनी आणि मोठ्या पानाची आसामी. आसामांतील रानटी झाडांचा पत्ता रॉबर्ट ब्रूस याला १८२३ सालीं लागला व १८३९ सालीं आसाम कंपनी निघाली. तेथून या देशांतील मळ्यांचा विस्तार झाला. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतील चहा रंगानें गडद व चवीस कडक, दार्जिलिंगचा फिकट पण सुवासानें श्रेष्ठ, आणि निलगिरीचा या दोहोंच्या मधला, हलका व तरतरीत. शिवाय एकाच मळ्याचा माल वर्षभर सारखा नसतो. आसामांत मे-जूनमध्यें खुडलेल्या पानास जो कस असतो, तो पावसाळ्यांतील भरपूर पण सपक मालास नसतो, आणि ऐन हिंवाळ्यांत तर तेथील कारखाने बंदच राहतात. गिऱ्हाइकाला मात्र बाराहि महिने एकच चव हवी. म्हणून व्यापारी कलकत्ता, गुवाहाटी, कुन्नूर, कोची येथील लिलावांत निरनिराळ्या मळ्यांचा माल घेतात, चाखून पाहतात व ठराविक चव साधेपर्यंत एकांत एक मिसळतात. कलकत्त्याचा लिलाव १८६१ पासूनचा आहे. गुवाहाटीचा १९७० सालचा. जालन्याचा विक्रम, नाशिकचा सपट, मुंबईचा सोसायटी हे आपल्या ओळखीचे पुडे अशा मिश्रणाचेच आहेत. महाराष्ट्रांत चहाचें पीक नाहीं. येथील व्यापाऱ्याचें कसब काय तें निवडण्यांत व मिसळण्यांत. आपले जिनवाले दोन गांवांचा कापूस धाग्याची लांबी पाहून एकत्र करतात, त्यांतलाच हा प्रकार होय. भेसळ ती निराळी. तिच्याकडे पुढें येऊं.

आपण जो दाणेदार चहा वापरतों, तो मुळांत पानाचा असा दाणा नसतो. १९३० सालीं आसामांतील अमगुरी मळ्यावर विल्यम मॅकर्चर यानें एक यंत्र बसविलें. त्याच्या दातेरी रुळांतून पान चिरडलें, फाडलें व वळलें जातें. यालाच सी. टी. सी. म्हणतात. असा चहा थोड्या वेळांत पुष्कळ रंग देतो व दुधापुढें टिकतो. पुढें तो चाळण्यांतून काढला म्हणजे मोठा दाणा, बारीक दाणा व सर्वांत खालीं भुकटी, म्हणजे डस्ट, असे वर्ग पडतात. डस्ट म्हणजे कारखान्यांतील केरकचरा असा समज आपल्याकडे फार पसरला आहे. तो चुकीचा आहे. चांगल्या पानाची डस्ट चांगली, वाईट पानाची वाईट. तिचा दोष एवढाच कीं, ती क्षणांत उतरते आणि जरा अधिक उकळली कीं कडवट होते.

आतां पाण्याविषयीं. या गोष्टीकडे कोणी लक्ष देत नाहीं आणि सारा दोष चहापत्तीला देतात. आपला मुलूख काळ्या पाषाणाचा. बोअरच्या पाण्यांत चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. ज्या पाण्यानें साबणाला फेंस येत नाहीं व पातेल्याच्या बुडाशीं पांढरा खार धरतो, त्या पाण्याचा चहा मळकट होतो आणि कप थोडा वेळ ठेवला तर वर पातळ तवंग धरतो. ती दुधाची साय नव्हे. पाण्यांतील चुना व चहांतील तुरट द्रव्य यांचा तो संयोग आहे. अशा पाण्यांत दार्जिलिंगचें महागडें पान घालणें म्हणजे खारवट रानांत बासमती पेरण्यासारखें. जड पाण्याला कडक आसामी दाणाच पाहिजे. शक्य असेल तर पाणी आदल्या रात्रीं उकळून ठेवावें, सकाळीं वरचें नितळ तेवढें घ्यावें. गांवांत हल्लीं शुद्ध पाण्याचे जार मिळतात. त्या पाण्यास पत्ती थोडी कमी पुरते, हें ज्यानें त्यानें करून पाहावें.

दुधाचाहि असाच विचार करावा. दुधांतील प्रथिनें चहाचा तुरटपणा ओढून घेतात. म्हशीच्या दाट दुधांत हलका चहा पार बुडून जातो. गाईच्या दुधास मध्यम कडक पुरतो.

माझ्या घरचें मिश्रण असें : आसामी मध्यम दाणा तीन भाग, बारीक दाणा एक भाग. डस्ट मी घालीत नाहीं. ज्यांस फार कडक लागतो त्यांनीं बारीक दाण्याच्या जागीं ती घालावी, पण चौथ्या हिश्शाहून अधिक नको. येथें एक अडचण येते. निरनिराळ्या आकाराचा माल एकत्र राहत नाहीं. डबा हलला कीं बारीक खालीं बसतें व मोठें वर येतें. महिन्याच्या आरंभीं फिका आणि शेवटीं जहर असा चहा पुष्कळ घरीं होतो त्याचें कारण हेंच. म्हणून चमचा घालण्यापूर्वीं डबा आडवा करून दोन-चार वेळां फिरवावा. निलगिरीचें लांब पान मी वेगळ्या डबींत ठेवतों व पातेलें खालीं उतरल्यावर त्यांत चिमूटभर टाकून झांकण ठेवतों. त्याचा सुवास उकळींत उडून जातो. दोन मिनिटें मुरूं दिला तर राहतो. पाहुणे ‘आज चहांत काय घातलें?’ असें विचारतात तें या चिमटीमुळें.

चार कपांस अडीच कप पाणी, दीड कप आधींच तापविलेलें दूध व दहा ग्रॅम पत्ती हें माझें प्रमाण. पाण्यास खळखळून आधण आल्यावर पत्ती टाकावी, आंच मंद करून दोन-तीन मिनिटें ठेवावें, मग गरम दूध घालून एकच उकळी घ्यावी. पुण्याच्या अमृततुल्यांत पितळी पातेल्यांत दूध, साखर, पत्ती व कुटलेली वेलची यांना एकत्र कढवितात; हैदराबादच्या इराणी हॉटेलांत चहाचा अर्क आणि आटविलेलें दूध वेगवेगळें ठेवून पेल्यांत मिसळतात. हट्टा व हा सगळा भाग १९४८ पर्यंत निजामी राज्यांत होता, तेव्हां हैदराबादची चव आपल्या म्हाताऱ्या मंडळींस परकी नव्हती. दोन्ही तऱ्हा चांगल्या आहेत. पण दोहोंस दूध फार लागतें.

आलें घालतांना चूक होते ती अशी कीं, दूध घातल्यावर वरून तें किसतात आणि दूध फाटलें कीं गवळ्याला बोल लावतात. ताज्या आल्यांत दूध फाडणारें एक पाचक द्रव्य असतें. उकळत्या पाण्यांत त्याचा जोर नाहींसा होतो. म्हणून आलें ठेंचून आधणाच्या आधींच पाण्यांत घालावें व चांगलें उकळूं द्यावें. सुंठीनें हा त्रास सहसा होत नाहीं. गुळाच्या चहाची गोष्टहि याच जातीची. गुळांत थोडी आंबट धांव असते, जुन्या पाणावलेल्या गुळांत अधिक. तो दुधाबरोबर उकळला कीं दूध नासतें. गूळ पाण्यांत विरघळवून उकळावा, पत्ती घालून गाळून घ्यावा, आणि गाळलेल्या चहांत गरम दूध वरून ओतावें. पुन्हा चुलीवर ठेवूं नये.

मसाला घरीं करावयाचा तर सुंठ चार भाग, वेलची दोन, मिरें व दालचिनी एक-एक, लवंग अर्धा आणि जायफळ नांवापुरतें. हें थंडीसाठीं. उन्हाळ्यांत सुंठ-मिरें काढून टाकावें व बडीशेप घालावी. मसाला चहाच्या डब्यांत कधींहि मिसळून ठेवूं नये. पंधरा दिवसांत पत्तीचा स्वतःचा वास मरतो व सगळ्या डब्याला लवंगेची घाण सुटते.

उन्हाळ्यांत माझी खरी आवड गवती चहाची. हें चहाच्या कुळांतलें झाड नव्हे. हें गवत आहे. यांतील लिंबाचा वास सिट्रल नांवाच्या तेलाचा. तरतरी आणणारें कॅफिन यांत नाहीं, म्हणून रात्रीं झोंप न येणारांनीं नुसत्या गवती चहाचा काढा घ्यावा. मोटारीच्या हौदाजवळ अथवा बांधावर, पाणी साचणार नाहीं अशा जागीं, पावसाळ्याच्या तोंडीं जुन्या ठोंबाच्या फुटी वेगळ्या करून दोन-अडीच फुटांवर लावाव्या. चार-एक महिन्यांत पहिली कापणी मिळते. जमिनीपासून चार बोटें ठेवून कापावें म्हणजे पुन्हा फुटतें. पात सावलींत वाळवावी. चार ठोंब एका घरास पुरून उरतात. चहाबरोबर घालतांना दोन पाती पुरे. मूठभर घातली तर औषध पितों आहों असें वाटतें.

आपल्या भागांतील मंडळी विचारतात कीं, हळद कां घालूं नये? वसमतच्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्यामुळें हा उत्साह स्वाभाविक आहे. परंतु हळदीचें रंगद्रव्य पाण्यांत जवळजवळ उतरत नाहीं, तें स्निग्धांत उतरतें. आणि चहाच्या तुरटपणावर हळदीचा कडूपणा चढला म्हणजे दोहोंची चव जाते. हळद दुधांत घ्यावी. चहाला तिच्यापासून दूरच ठेवावें.

खर्चाचा आंकडा मांडून पाहूं. सहा माणसांचें घर, प्रत्येकी दोन कप, वर चार कप आल्यागेल्यास : रोजचे सोळा कप. कपास अडीच ग्रॅम धरल्यास रोज चाळीस ग्रॅम, महिन्यास सव्वा किलोच्या आंत. साखर कपास नऊ ग्रॅम धरली तरी रोज १४४ ग्रॅम, महिन्यास सव्वाचार किलोच्या वर. आपण चहाचे शौकीन म्हणवितों, पण घरांत येतें तें चहाच्या साडेतीनपट वजनाची साखर! मधुमेहाचें औषध घेणारांनीं हा आंकडा दोन वेळां वाचावा.

आतां थोडें कटु लिहावयाचें आहे. कित्येक बड्या वाड्यांत मीं चहाचीं दोन भांडीं पाहिलीं. ओटीवरच्यांस नवी पत्ती आणि हळद काढणाऱ्या बायांस त्याच चोथ्याला पुन्हा आधण घालून, साखर ओतून केलेली फुळकवणी. चोथ्यांतून दुसऱ्यांदा उतरतो तो कडवटपणा. सुवास नाहीं, तरतरी नाहीं. दहा मजुरांस नवी पत्ती पंचवीस ग्रॅम लागेल. किलोस चारशें रुपये भाव धरला तरी ती दहा रुपयांची होते. दिवसभर वाफ्यांत वाकणाऱ्या माणसांवर दहा रुपये वाचविणारा शेतकरी हिशेबांत हुशार आहे असें मला वाटत नाहीं. कांहीं ठिकाणीं कानतुटके कप गोठ्याच्या कोनाड्यांत वेगळे ठेवलेले असत, आणि ते कोणासाठीं, हें विचारावें लागत नसे. राज्यघटनेच्या सतराव्या कलमानें १९५० सालींच अस्पृश्यता नाहींशी केली; ज्या ओटीवर तें कलम अजून पोंचलें नसेल, तेथील चहा कितीहि उंची असला तरी तो घेण्याजोगा नाहीं.

मजूर बायांसंबंधीं आणखी एक. चहांतील तुरट द्रव्य भाकरी, डाळ, पालेभाजी यांतील लोहास धरून ठेवतें व तें अंगीं लागूं देत नाहीं. भाकरी खातां खातां चहा पिण्याची चाल रानांत फार आहे, आणि रक्त कमी असलेल्या बाया आपल्याकडे घरोघर आहेत. दुपारची किटली जेवणानंतर तासाभरानें पाठवावी. हाच नियम आपल्या सुनालेकींसहि लागू.

भेसळीची परीक्षा सोपी आहे. थंड पाण्याच्या पेल्यांत चिमूटभर पत्ती टाकावी. चांगला चहा सावकाश रंग सोडतो. लागलीच तांबडे ओघळ उतरूं लागले तर रंग चढविलेला आहे असें समजावें. ओल्या टिपकागदावर पत्ती पसरून थोड्या वेळानें झाडली असतां ठळक तांबडे-पिवळे डाग राहिले तरी तीच गोष्ट. लोहचुंबक फिरविल्यावर दोन-चार कण चिकटले तर घाबरूं नये, सी. टी. सी. रुळांच्या झिजेचा कीस थोडा येतोच. मूठभर चिकटला तर मात्र पुडा परत करावा. आठवडी बाजारांतील सुटा चहा या तीन परीक्षांशिवाय घेऊं नये.

राहिली सांठवण. चहा जवळच्या वस्तूचा वास फार लौकर ओढतो. हळद शिजवून, पॉलिश करून पोतीं माजघरांत रचलेल्या दिवसांत आपल्याकडच्या चहाला जो मातकट वास येतो, तो पत्तीचा नसून त्या पोत्यांचा असतो. हिंग, रॉकेल व साबण यांचेंहि तसेंच. घट्ट झांकणाचा पत्र्याचा कोरडा डबा, चुलीपासून व पाण्याच्या माठापासून दूर, उंच फळीवर ठेवावा. ओला चमचा आंत जाऊं देऊं नये. आणि महिन्याभरांत संपेल एवढाच माल आणावा.