विजेची सायकल : आधी चढ पाहा, मग किंमत

वेळणेश्वरच्या किनाऱ्यावरून बाहेर पडायचे म्हणजे आधी चढ. अवजारांची पिशवी घेऊन वाडीवाडीत कामाला जाणाऱ्या कारागिराने पहिली इलेक्ट्रिक माउंटन सायकल घेताना कंपनीने छापलेल्या अंतरावर विसंबू नये. ते बहुधा सपाट रस्त्याचे असते. हिशेब सोपा आहे. 36 व्होल्ट, 10 अँपिअर-तासाच्या बॅटरीत 360 वॅट-तास वीज मावते. चढावर ओझ्यासह किलोमीटरला 15 वॅट-तास खर्च धरला तर 24 किलोमीटर. म्हणजे परतीसह 12 किलोमीटरवरचेच गाव.

चाकातील मोटार स्वस्त, पण लांब चढावर तापते. पॅडलजवळची मोटार गिअरचा फायदा घेते, म्हणून चढाला बरी, मात्र महाग. मोटार पाव किलोवॅटच्या आत आणि तिची मदत ताशी 25 किलोमीटरला बंद होणारी असेल, तरच नोंदणी व परवाना लागत नाही. हे दुकानदाराकडून लेखी घ्यावे.

खाऱ्या हवेने जोडण्या गंजतात. बॅटरी काढून घरात ठेवता येईल अशीच सायकल घ्यावी. नव्या बॅटरीची किंमत काय आणि दुरुस्ती चिपळूणला होते की मुंबईला, हे पैसे मोजण्यापूर्वी विचारावे. बॅटरी गेली आणि दुसरी मिळाली नाही, तर हाती उरते ती फक्त जड सायकल.