उठतो, पण जागा होत नाही

डिसेंबरातली सकाळ. चहाचा कप बाजूला ठेवून मी स्पेसबार दाबला. कॅबिनेटमधला पंखा घुर्र करून फिरला, रात्रभर लुकलुकणारा दिवा स्थिर झाला आणि पडदा मात्र काळाच राहिला. माउस हलवून पाहिला, एंटर बडवलं, पाच मिनिटं वाट पाहिली. शेवटी बटण दाबून धरलं आणि काँप्युटर सक्तीनं बंद केला. रात्री अर्धवट लिहून ठेवलेली चार पानं त्याच्याबरोबर गेली. दुसऱ्या दिवशी तो गुणी बाळासारखा उठला, तिसऱ्या दिवशी पुन्हा काळा. एकदा तर उठण्याऐवजी पहिल्यापासूनच सुरू झाला, जणू रात्री कोणी त्याला झोपवलंच नव्हतं. गंमत म्हणजे दुपारी जेवायला जाताना झोपवला, तर परत आल्यावर बोट लागताच हजर. रुसवा फक्त सकाळचा.

अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. भाचा म्हणाला, “मामा, फॉरमॅट मारा.” शेजाऱ्यांनी रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरानं पुसायला सांगितले. दोन्ही उपाय अधूनमधून लागू पडतात, म्हणून तर ते टिकून आहेत. पण मला आधी हे समजून घ्यायचं होतं, की हा झोपतो म्हणजे नेमकं काय करतो?

डेस्कटॉपच्या नेहमीच्या झोपेला तंत्रज्ञांच्या भाषेत ‘एस-३’ म्हणतात. प्रोसेसर, डिस्क, ग्राफिक्स कार्ड, पंखे, सगळ्यांची वीज तोडलेली असते. चालू राहते ती फक्त रॅम, कारण उघड्या फायली, अर्धं वाक्य, लुकलुकणारा कर्सर हे सगळं तिच्यात असतं. आणि रॅम ही मोठी विसराळू वस्तू आहे. तिच्यातला प्रत्येक बिट म्हणजे एका इवल्याशा कपॅसिटरमध्ये साठवलेला विद्युतभार. एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर एवढ्यावर एक बिट भागवायची ही युक्ती आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची. तिचं पेटंट त्यांना १९६८ साली मिळालं. स्वस्त आणि आटोपशीर, पण गळकी. महादेवाच्या पिंडीवरचं अभिषेकपात्र आठवा. थेंब थेंब गळत राहतं, ते रिकामं व्हायच्या आत कोणीतरी पुन्हा भरायचं. रॅमच्या प्रत्येक ओळीला दर ६४ मिलिसेकंदांत एकदा असं भरावं लागतं. ८ जीबी रॅम असेल तर अशी पात्रं होतात सुमारे ६,८७० कोटी. काँप्युटर झोपला की हे काम रॅमच्या चिपा स्वतःच करतात. त्यांना लागते ती थोडीशी, पण अखंड वीज.

इथं एक गोष्ट सांगायचा मोह होतो. ६४ मिलिसेकंद ही मुदत सगळ्यात गळक्या पात्राकडे बघून ठरवलेली आहे. बाकीची बरीच त्याहून खूप जास्त वेळ तग धरतात. अमेरिकेत प्रिन्स्टनमधल्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिलं, की वीज तोडल्यावरही रॅममधला मजकूर काही सेकंद शाबूत राहतो आणि चिपा थंडगार केल्या तर कित्येक मिनिटं. कुलूपबंद काँप्युटरमधल्या गुप्त किल्ल्या त्यांनी अशा वाचून काढल्या. आपल्याला त्याचा उपयोग नाही, कारण एक जरी पात्र चुकीचं रिकामं झालं तरी सकाळी घोळ होऊ शकतो.

ही थोडी वीज येते कुठून? दुकानात ज्याला एसएमपीएस म्हणतात, त्या लोखंडी डब्यातून. त्यातून तारांचा झुपका निघतो, त्यात एक जांभळी तार असते. काँप्युटर झोपलेला असो की बंद, भिंतीवरचं बटण चालू आहे तोवर या तारेवर ५ व्होल्ट असतातच. सगळी सोसायटी झोपलेली आणि गेटवरच्या केबिनमध्ये वॉचमन जागा, तसं. खात्री करायची तर बंद काँप्युटरच्या मागे डोकावा. इंटरनेटची केबल जिथं खोचलेली असते तिथला हिरवा ठिपका बऱ्याचदा तेवताना दिसेल. तो याच विजेवर. नेटवर्कवरून दुसऱ्याचा काँप्युटर उठवायचीही सोय असते आणि त्यासाठी पाठवायच्या निरोपाचं अधिकृत नाव चक्क ‘मॅजिक पॅकेट’ आहे. त्यात त्या कार्डाचा पत्ता सोळा वेळा म्हटलेला असतो. झोपलेल्याला एकदा हाक मारून भागत नाही, हे इंजिनिअरांनाही ठाऊक असावं.

आता स्पेसबारकडे येऊ. कीबोर्ड यूएसबीच्या तारेतून इशारा देतो. मदरबोर्डावरची चिपसेट जांभळ्या तारेच्या जिवावर अर्धजागी असते. ती इशारा ओळखते आणि एसएमपीएसकडे जाणाऱ्या हिरव्या तारेचा दाब शून्यावर आणते. एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे मोठे प्रवाह उभे करतो, ते स्थिरावल्यावर निदान १०० मिलिसेकंद थांबतो आणि करड्या तारेवरून ‘सगळं ठीक’ असा निरोप पाठवतो. तेव्हा कुठे प्रोसेसर डोळे उघडतो. त्याला काहीही आठवत नसतं. मदरबोर्डावरच्या ‘बायॉस’ नावाच्या मूळ प्रोग्रॅमला तपासावं लागतं, की आपण नव्यानं सुरू होतोय की झोपेतून परततोय. नव्यानं असेल तर रॅमची पाटी कोरी करायला हरकत नाही. परतत असेल तर पाय न वाजवता रॅमपाशी जायचं, तिचा कारभार पुन्हा हातात घ्यायचा आणि झोपण्याआधी विंडोजनं ठेवलेल्या पत्त्यावर उडी मारायची. तिथून पुढे विंडोज प्रत्येक यंत्राला हलवून उठवतं. डिस्क, यूएसबी, आवाज आणि सगळ्यात हट्टी म्हणजे ग्राफिक्स कार्ड.

म्हणून नव्यानं सुरू होण्यापेक्षा झोपेतून उठणं जास्त अवघड असतं. सुरू होताना सगळ्यांच्या पाट्या कोऱ्या असतात. उठताना घरातल्या निम्म्या माणसांना काल रात्रीचं बोलणं शब्दन् शब्द आठवतंय आणि निम्म्यांना घरात राहतो हेही आठवत नाही, अशी परिस्थिती.

एवढी साखळी कळली की काळ्या पडद्यासमोर बसून अंदाज बांधता येतो. पंखाच फिरला नाही, दिवा लुकलुकतच राहिला, तर हाक वॉचमनपर्यंत पोचलेलीच नाही. कॅबिनेटचं बटण हलकेच दाबून पाहावं. त्यानं उठला तर दोष कीबोर्डाच्या परवानगीत. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डाच्या नावावर काँप्युटर उठवू देण्याची एक खूण असते, ती कोणीतरी काढलेली असते. आणखी एक शक्यता असते. युरोपीय संघाचा बंद आणि स्टँडबाय अवस्थेतल्या वीजखर्चावर नियम आहे. २०१३ पासून मर्यादा अर्ध्या वॉटवर आली. त्यापायी बायॉसमध्ये ‘ईआरपी’ नावाचा पर्याय आला. तो चालू केला, तर हायबरनेट केलेला, म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवून बंद झालेला काँप्युटर कीबोर्डानं उठत नाही, बटणच दाबावं लागतं. अनेकांना हा बिघाड वाटतो.

पंखा फिरला आणि पडदा काळा, तर कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर विंडोज जागं आहे, फक्त तुम्हाला दिसत नाहीये. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबायची. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो, बहुधा एक बीप येतो आणि कित्येकदा चित्र परत येतं. माझ्या मते घरोघरच्या निम्म्या तक्रारी इथंच संपाव्यात. मॉनिटरच झोपला असेल तर त्याचं बटण बंद-चालू करून बघणं हा त्याहून सोपा उपाय. रॅमला तिच्या नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणारी ‘एक्सएमपी’ची सोय वापरत असाल, तर चार दिवस ती बंद ठेवून पाहावं.

माझ्याकडे कॅप्स लॉकचा दिवा लागत नव्हता. म्हणजे विंडोजपर्यंत गोष्ट गेलीच नव्हती किंवा वाटेत कुठेतरी अडकली होती.

आणि वाटेत अडकलेल्या काँप्युटरला ‘कुठं अडकलास’ असं विचारता येत नाही, ही खरी पंचाईत. ‘एसीपीआय’ नावाचं झोपेचं मानक इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६मध्ये आणलं. झोपवण्या-उठवण्याचा कारभार त्यामुळे बायॉसकडून ऑपरेटिंग सिस्टिमकडे आला, पण मदरबोर्डाच्या खाणाखुणा सांगणारे तक्ते लिहितो तो मदरबोर्ड बनवणारा. बरेच जण ते विंडोजवरच तपासून मोकळे होतात. त्यामुळे मदरबोर्डानं ‘तू कोण’ असं विचारलं की लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम ‘मी विंडोज’ असं बिनदिक्कत सांगते. लिनक्सच्या इतक्या तत्त्वनिष्ठ लोकांनी केलेला हा व्यवहारीपणा मला फार आवडतो.

लिनक्सच्याच लोकांनी अडकलेल्याचा पत्ता काढण्याची एक युक्ती केली, ती तर अफलातून आहे. उठताना यंत्र अडकलं, तर पडदा नाही, डिस्क अजून उठलेली नाही आणि बटण दाबून नव्यानं सुरू करावं तर रॅम पुसली जाते. पुरावा ठेवायचा कुठं? लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००६ साली शोधलं, की या सगळ्या धुळवडीतून एकच गोष्ट जशीच्या तशी राहते. ती म्हणजे घड्याळ. मदरबोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखा ३ व्होल्टचा सेल असतो. त्याच्यावर, सेकंदाला ३२,७६८ कंपनं करणाऱ्या स्फटिकाच्या तालावर ते चालत राहतं. मग उठण्याच्या प्रत्येक पायरीला त्या पायरीचा सांकेतिक आकडा तारीख-वेळेच्या रूपात घड्याळातच लिहायचा. यंत्र अडकलं की बंद करून दोन-तीन मिनिटांच्या आत सुरू करायचं, घड्याळ फार पुढे सरकायच्या आत आकडा वाचायचा, की संशयित यंत्राचं नाव हाती येतं. दुष्परिणाम एकच, काँप्युटर भलत्याच सालातली भलतीच तारीख दाखवायला लागतो.

मी विंडोजवाला, माझ्या घड्याळात असलं काही लिहिलं जात नव्हतं. रात्री वीज जात असेल, अशी एक शंका होती. पण तसं असतं तर स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हवर सकाळी शून्यं लुकलुकली असती. शेवटी कॅबिनेट उचललं आणि बुधवार पेठेत तपकीर गल्लीजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेलं. दुपारी दोनची वेळ. त्यानं तीनदा झोपवला, तीनदा उठवला. दगाबाज तिन्ही वेळा उठला.

“डिस्प्ले तर येतोय काका.”

“सकाळी येत नाही,” मी म्हणालो. म्हणताना माझं मलाच हसू आलं.

तो हसला नाही. “थंडीत ना? आणि रात्रभर झोपवलेला?” एवढं विचारून त्यानं मल्टिमीटर बाजूला ठेवला आणि एसएमपीएस बाहेर काढला. हे घरी करू नये. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टचा भार असतो आणि वायर काढल्यावरही तो काही काळ टिकतो. त्यानं सवयीनं तो उतरवला, झाकण उघडलं, धूळ फुंकली आणि एका कोपऱ्यातल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरशेजारच्या दोन कपॅसिटरांवर नखानं टकटक केलं. त्यांची डोकी सपाट असायला हवी होती. कढईत सोडलेली पुरी फुगायला लागते तशी ती वर आली होती. जांभळ्या तारेचे ५ व्होल्ट सपाट करणारे ते हेच.

असल्या कपॅसिटरमध्ये द्रव असतो आणि तो वर्षानुवर्षं सुकत जातो. बऱ्याच कपॅसिटरांवर २,००० तासांचं आयुष्य दिलेलं असतं, पण ते १०५ अंश सेल्सिअसला. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. ५५ अंशांना राहिला तर ६४,००० तास. माझा काँप्युटर आठ वर्षांचा. भिंतीवरचं बटण मी कधी बंद केल्याचं आठवत नाही, म्हणजे त्या दोघांची ड्यूटी ७०,००० तासांच्या पुढे गेलेली. बाकीच्या डब्याला रात्री सुट्टी होती, यांना कधीच नव्हती. वर रात्री पंखाही बंद, त्यामुळे वारा नाही. थंडीत अशा कपॅसिटरचा अंतर्गत विरोध आणखी वाढतो आणि पुण्यात डिसेंबरातल्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास असतो. झोपेतून उठायच्या क्षणी विजेची मागणी अचानक वाढली की दाब क्षणभर लचकत असणार, रॅममधली काही पात्रं रिकामी होत असणार. दुपारी सगळं कोमट असायचं, म्हणून निभावत होतं.

“दोन कपॅसिटर बदलून देऊ का नवीनच बसवू?” त्यानं विचारलं. आठ वर्षांच्या डब्यावर पैसे घालण्यात अर्थ नव्हता. नवीन बसवला. निघताना मी जुना पिशवीत टाकायला लागलो.

“तो राहू दे इथंच काका,” तो म्हणाला, “पंखा चांगला आहे.”